स्टँडात घुसलेली वडाप

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराड स्टँडवर जाळीच्या खिडकीमागं बसून गाड्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी करायच्या आणि माईक तोंडाशी धरून 'पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे' असं गायच्या चालीत सांगायचं, हे त्यांनी 22 वर्षं केलं. मी 2019 साली इकडं कॅलिफोर्नियात हौसेनं विमान चालवायचं लायसन काढलं तेव्हा आई म्हणाली, "नसते उद्योग." अण्णांनी एवढंच विचारलं, "सिटं किती?" चार म्हटल्यावर म्हणाले, "मग वडापच की."

वडाप म्हणजे आमच्या सातारा-कोल्हापूरकडची, माणसं कोंबून नेणारी जीप. स्टँडपासून 200 मीटरच्या आत खाजगी गाडीनं प्रवासी भरायचे नाहीत असा नियम आहे, आणि अण्णांची निम्मी नोकरी त्या 200 मीटरांवरून भांडण्यात गेली. त्यामुळे जूनमध्ये दोघं इथं आले, आणि सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरून घरी येताना अण्णा मागं वळून बघत म्हणाले, "एवढ्या मोठ्या स्टँडात तुझी वडाप सोडतात?" तेव्हा मी पैज लागल्यासारखं "सोडतात" म्हटलं. "शक्य नाही," ते म्हणाले. तिथून हा प्रवास ठरला.

खरं तर शक्य आहे, आणि फारसं अवघडही नाही. इथल्या विमानतळांनी केंद्र सरकारचा पैसा घेतलेला असतो, आणि पैसा घेताना कबूल केलेलं असतं की विमानतळ सगळ्यांना, अवाजवी भेदभाव न करता, खुला राहील. साधं खाजगी लायसन पुरतं. एकट्यानं उडणाऱ्या शिकाऊ माणसाला मात्र सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस असल्या ठिकाणी उतरता येत नाही. बेत असा: आमच्या पालो आल्टोच्या छोट्या विमानतळावरून क्लबचं सेस्ना 172 हे छोटं विमान घ्यायचं, आधी सॅन फ्रान्सिस्को, मग सांता बार्बरा, मग सॅन डिएगो, आणि परत. आईनं यायला साफ नकार दिला. डबा मात्र दिला.

पहिला दिवस, गुरुवार

जूनमध्ये इथं सकाळी समुद्रावरून ढगांची चादर आत येते आणि दुपारपर्यंत बसून राहते. मला फक्त डोळ्यांनी बघून उडायची परवानगी आहे, ढगातून जायची नाही. साडेआठला निघायचं ते पावणेबारा वाजले. अण्णांनी खिशातली डायरी काढून रकाने आखले: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, विलंब, कारण, शेरा. पहिली नोंद उड्डाणाआधीच झाली. 'विलंब 3 तास 15 मि. कारण: धुके.'

मोठ्या विमानतळाभोवतीची हवा म्हणजे उलटी ठेवलेली उतरंड. सगळ्यात लहान मडकं जमिनीला टेकलेलं, त्यावर मोठं, त्यावर आणखी मोठं, 10,000 फुटांपर्यंत. या उतरंडीला इकडे 'ब्राव्हो' म्हणतात. तिच्यात शिरायला कंट्रोलरच्या तोंडून 'क्लिअर्ड इंटू द ब्राव्हो' हे शब्द यावेच लागतात. त्यानं नुसतं तुमचं नाव घेतलं, पुढं या म्हटलं, तरी चालत नाही. हेडफोन लावून अण्णा ऐकत होते. पलीकडचा माणूस एका दमात आठ विमानांना सूचना देत होता.

"हा श्वास कधी घेतो?"

मग माझी पाळी आली. कोण, कुठं, कुठल्या उंचीवर, काय पाहिजे. परवानगीचे शब्द आले, मी ते परत म्हणून दाखवले. अण्णांनी मान हलवली. "मोजकं बोललास. पाचवी गोष्ट बोलला की मागं रांग लागते."

सॅन मॅटेओच्या पुलावर आम्ही धावपट्टीच्या रेषेत आलो. पुढं साडेतीन-चार मैलांवर एक बोइंग उतरत होतं. "पुढच्याच्या भोवऱ्यापासून सावध" असं टॉवरनं बजावलं. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन पीळ निघतात आणि मागं राहून हळूहळू खाली बसत जातात. विमान जितकं जड आणि सावकाश, तितका पीळ जोरकस. आमच्यासारख्याला उलथं करण्याइतका. म्हणून लहानानं मोठ्याच्या वाटेपेक्षा उंचावरून यायचं, आणि त्याची चाकं जिथं टेकली त्याच्या पुढं जाऊन टेकायचं. धावपट्टी 11,870 फूट, त्यामुळे जागेची ददात नाही. आमची पालो आल्टोची पट्टी 2,443 फुटांची आहे. अशा चार एकापुढं एक ठेवून वर अंगण उरेल.

उतरल्यावर खरी गंमत सुरू झाली. टॅक्सीवेवर आमच्या शेजारून एक ट्रिपल सेव्हन गेलं. त्या मोठ्या जातीच्या 777 च्या इंजिनातला पंखाच सव्वातीन मीटर व्यासाचा असतो, आणि आमचं अख्खं विमान, शेपटीच्या टोकापर्यंत, पावणेतीन मीटर उंच. ते पूर्ण भरलं की 351 टन, आम्ही सव्वा टनाच्याही आत. अण्णा मान वर करून बघत होते. पुष्कळ वेळानं म्हणाले, "याच्या टायरएवढी आहे रे आपली गाडी." तेवढीही लहान नाही, पण मी दुरुस्ती केली नाही.

खाजगी विमानांचा कोपरा वेगळा असतो. पिवळं जाकीट घातलेल्या माणसानं दोन्ही हातांनी खुणा करून आम्हाला दोन चकचकीत जेटच्या मधे उभं केलं, चाकांना लाकडी उटी लावली. आत वातानुकूलित दिवाणखाना, बरणीत बिस्किटं, आणि कसलीही झडती नाही. दोन आठवड्यांपूर्वी याच विमानतळाच्या दुसऱ्या बाजूला अण्णांचा पट्टा, बूट, घड्याळ आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी यांची स्वतंत्र चौकशी झाली होती. आता दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन ते सरळ दारातून बाहेर आले आणि सोफ्यावर बसले.

बिल आलं तेव्हा मात्र हवा गेली. उतरण्याची फी वेगळी, 'हाताळणी'ची वेगळी, आणि दोन्ही मिळून विमानाच्या तासाभराच्या भाड्यापेक्षा जास्त. दार उघडंच ठेवायचं, पण उंबऱ्याला दर लावायचा, अशी ही सोय आहे. 1927 साली हा विमानतळ सुरू झाला तेव्हा तो ओग्डेन मिल्स नावाच्या धनिकाकडून भाड्यानं घेतलेलं 150 एकरांचं गुरांचं कुरण होता. मिल्स फील्ड हेच नाव होतं. तेव्हा इथं उतरणारी सगळी विमानं आमच्याच मापाची. भटाला दिली ओसरी, हे मी अण्णांना ऐकवलं. त्यांनी दशमीचा तुकडा मोडत विचारलं, "यात भट कोण?"

निघताना टॉवरनं धावपट्टीच्या तोंडाशी तीन मिनिटं थांबवून ठेवलं, नुकत्याच उडालेल्या जड विमानाचे पीळ विरेपर्यंत. मागं रांग. तीन मिनिटं फार मोठी असतात.

पुढचा प्रवास सपाट. सॅलिनासचं खोरं, पालेभाज्यांचे हिरवे पट्टे, पासो रोबल्सचे द्राक्षमळे, मग डोंगर आणि पलीकडं समुद्र. अण्णा अर्धा वेळ झोपले. साडेपाचला सांता बार्बरा.

दुसरा दिवस, शुक्रवार

ढग. दिवसभर ढग. दुपारी तीनला जरा फट पडली, पण लॉस एंजेलिसकडं बंदच होतं. मोटेलच्या खोलीत अण्णांनी नोंद केली: 'गाडी रद्द.'

मग बोलणं निघालं आणि अण्णा माझ्या विरुद्ध बाजूला जाऊन बसले, ते मला अपेक्षित नव्हतं. मी त्यांना न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. 1968 साली तिथल्या तिन्ही मोठ्या विमानतळांवर आकाशात विमानांच्या रांगा लागायला लागल्या, तेव्हा चालवणाऱ्या संस्थेनं गर्दीच्या वेळी लहान विमानांची फी 5 डॉलरवरून एकदम 25 डॉलर केली. लहान विमानं भराभर कमी झाली. बंदी नाही, नुसता दर. पुढं 1988 मध्ये बोस्टननं तसंच केलं, फी कितीतरी पट वाढवली, तर केंद्राच्या वाहतूक खात्यानं त्याच वर्षी सांगितलं की हा भेदभाव आहे, मागं घ्या.

"बोस्टनवाल्याचं चुकलं काय?" अण्णा म्हणाले. "फलाट एक. त्यावर गाडी लागली की पाच मिनिटं गेली. मग ती साठ माणसांची असो की तुझी दोघांची. पाच मिनिटं ती पाचच."

"पण विमानतळ लोकांच्या पैशाचा आहे. माझाही कर आहे त्यात."

"स्टँडपण लोकांच्याच पैशाचा होता. मी वडापवाल्याला हेच सांगायचो."

"तो काय म्हणायचा?"

"तू म्हणतोस तेच."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. धावपट्टीवरच्या दोन विमानांच्या मधली वेळ ही तिथली खरी जागा. वजनावर फी लावली तर त्या वेळेचा हिशोब लागत नाही, आणि वेळेवर लावली तर आमच्यासारखे संपले. मुंबईचंच बघा. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे कामापुरती एकच; तिथं गर्दीच्या तासांत वेळापत्रकाबाहेरच्या विमानांना जागाच नसते. 1928 सालचा बॉम्बे फ्लाइंग क्लब शिकवायला आता धुळ्याला जातो. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ जुहूला उतरवलं, तेव्हा त्यांना कुणी गर्दीची वेळ विचारली नव्हती. एअर इंडियाचा जन्म त्या एका इंजिनाच्या, आमच्याहून फारशा मोठ्या नसलेल्या विमानात झाला. 1982 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला.

"अजिबातच सोडत नाहीत असं कुठं आहे का?" अण्णांनी रात्री विचारलं.

"वॉशिंग्टन. शहराच्या पोटातला विमानतळ. 2001 नंतर आमच्यासारख्यांना बंदच केला होता. 2005 मध्ये उघडला, पण विमानात सशस्त्र सुरक्षा अधिकारी बसवायचा."

"बंदूकवाला कंडक्टर," असं म्हणून त्यांनी दिवा घालवला.

तिसरा दिवस, शनिवार

अकराला आकाश धुतल्यासारखं. किनाऱ्यानं मालिबू, सांता मोनिका, आणि मग मला ज्याची सगळ्यात हौस होती ती गोष्ट: लॉस एंजेलिस विमानतळाच्या बरोब्बर वरून, कुणालाही न विचारता.

ऐकून खोटं वाटेल. उतरंडीतच एक बोळ कोरून ठेवला आहे. दक्षिणेला जाताना 3,500 फूट, उत्तरेला येताना 4,500. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला आपली ओळख देणाऱ्या यंत्रावर, 1201 हा आकडा, दिवे लावलेले, वेग 140 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आत, चालू आवृत्तीचा नकाशा जवळ, आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपलं आपण सांगत जायचं की मी इथं आहे. कंट्रोलरशी एक शब्द नाही. हे सुरक्षित कसं? तर उतरणारी विमानं पूर्वेकडून जमिनीलगत येतात, उडणारी पश्चिमेला समुद्रावर गेल्यावर उंची घेतात. मधोमध, धावपट्ट्यांच्या पोटावर, साडेतीन हजार फुटांवर कुणीच नसतं. गजबजलेल्या चौकात पोलीस उभा असतो तेवढीच जागा रिकामी असते, तसं.

चार समांतर धावपट्ट्या पायाखालून सरकल्या. 1928 मध्ये इथं बार्ली आणि घेवड्याची शेतं होती, माइन्स फील्ड म्हणत, आणि विमानांच्या शर्यती भरल्या होत्या. 2020 च्या एप्रिलमध्ये जेट जमिनीवर बसली तेव्हा आमच्यातले बरेच जण असल्या मोठ्या विमानतळांवर जाऊन चाकं टेकवून आले. कंट्रोलरही रिकामेच होते, या म्हणायचे. मी नवा होतो, धीर झाला नाही. ती हळहळ अजून आहे.

अण्णा खाली बघत बोटं मोजत होते. "अकरा गाड्या रांगेत आहेत. आणि आपण वरून चाललोय."

डाव्या हाताला सेरिटॉस गाव गेलं. 1986 च्या ऑगस्टअखेर तिथं एक छोटं पायपर परवानगीशिवाय हद्दीत शिरलं आणि उतरायला आलेल्या डीसी-9 या प्रवासी जेटला धडकलं. 82 माणसं गेली. मोठ्या विमानांत एकमेकांची चाहूल देणारं यंत्र आणि मोठ्या विमानतळांजवळच्या लहान विमानांत उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला, तो त्यानंतर. अण्णांना ते मी हवेत सांगितलं नाही.

सॅन डिएगोला एकच धावपट्टी आहे, आणि एका धावपट्टीवर चालणाऱ्या जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांत ती मोडते. 1928 साली लिंडबर्ग फील्ड नावानं सुरू झालेली; अटलांटिक ओलांडणारं लिंडबर्ग या वैमानिकाचं एका सीटचं विमान याच शहरात बांधलेलं. कंट्रोलर म्हणाला, मागं 737 जेट आहे, वेग जमेल तितका ठेव. मी 110 नॉट ठेवला. पूर्वेकडून येताना टेकडीवरची घरं इतकी जवळून जातात की अंगणातली वाळत घातलेली धुणी दिसतात. आता वेग 65 पर्यंत उतरवायला हवा होता. मी उतरवायला कचरलो. टेकायच्या जागी काटा 85 वर.

जास्त वेगाचं सेस्ना टेकतच नाही. धावपट्टीपासून दोन-तीन फुटांवर ते तरंगत राहतं, आणि बळेच खाली बसवायला गेलात तर उसळतं. धावपट्टीवरून बाहेर पडायचं पहिलं वळण गेलं. चाकं टेकली. दुसऱ्या वळणासाठी ब्रेक दाबले तर वेग अजून जास्त, तेही गेलं. "सेस्ना, विनाविलंब बाहेर पडा," टॉवर म्हणाला. आवाज चढला नव्हता, फक्त शब्द तुटक झाले होते. आणि लगेच मागच्याला, "गो अराउंड." म्हणजे न उतरता पुन्हा वर जा.

आमच्या डोक्यावरून ते गेलं. काचा थरथरल्या. अण्णांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं, मग समोर.

कोपऱ्यात विमान लावलं, बिल भरलं, हॉटेल गाठलं. संध्याकाळी खाडीकाठी बाकावर बसल्यावर ते बोलले.

"किती असतील त्यात?"

"दीडशे. जास्तही."

"आणि परत फिरायला किती वेळ?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"हं."

डायरी काढली, काहीतरी लिहिलं, खिशात ठेवली. मी विचारलं नाही.

चौथा दिवस, रविवार

सकाळी मी त्यांना नॉर्थ पार्कमध्ये ड्वाइट आणि नाइल रस्त्यांच्या कोपऱ्यावर नेलं. साधी बैठी घरं, कुणीतरी कुत्रं फिरवतंय. 25 सप्टेंबर 1978 ला इथं पीएसए या विमान कंपनीचं 727 जेट कोसळलं. लिंडबर्ग फील्डला उतरायला येत होतं. त्याच्या पुढं, खाली, एक सेस्ना 172 होतं. शिक्षक आणि शिकणारा, यंत्रावर बघून उतरायचा सराव त्याच मोठ्या धावपट्टीवर करून परत वर चढत असलेले. जेटच्या लोकांनी सेस्ना दिसल्याचं टॉवरला कळवलं होतं. मग ते नजरेआड झालं. दोन्ही विमानांतले सगळे आणि जमिनीवरचे 7, असे 144 गेले.

अण्णांनी कोपऱ्यावर उभं राहून आकाशाकडं पाहिलं. एक जेट उतरत होतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि पुन्हा चपला घातल्या.

"चूक कुणाची होती?"

"शोधणाऱ्यांत एकमत झालं नाही. मुख्य बोट जेटच्या लोकांकडं गेलं. दिसेनासं झालं हे त्यांनी नीट सांगितलं नाही."

"म्हणजे नोंद अपुरी," अण्णा म्हणाले. ते गाडीकडं वळले. "आज वाटेत कितीही थांब. पण कुणाला फिरवू नकोस."

परतीला सॅन डिएगोहून उडताना मी टॉवरला स्वतःच सांगितलं की घाई नाही, तुमच्या सोयीनं सोडा. वीस मिनिटं बाजूला उभे राहिलो. इंजिन तापत होतं, भाड्याचं मीटर पळत होतं. लॉस एंजेलिसवरून या वेळी 4,500 फुटांनी. पासो रोबल्सला तेल भरलं. तिथं उतरायची फी नव्हती, आणि एका म्हाताऱ्यानं अण्णांना स्वतःचं 1946 सालचं, कापडानं मढवलेलं विमान हात लावू देऊन दाखवलं. अण्णा त्यात बसूनही आले.

पालो आल्टोची अडीच हजार फुटांचीही नसलेली पट्टी समोर आली तेव्हा ऊन कलतं होतं. वेग 65. पहिल्या वळणावर बाहेर.

घरी आई पोळ्या लाटत होती. अण्णांनी डायरी ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला गेले, तेव्हा मी शनिवारचं पान उघडलं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, विलंब निरंक. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत, एसटीच्या अक्षरात: 'मागील गाडी फलाटावरून परत फिरवावी लागली. चालकास समज दिली.'

"अण्णा, तुम्ही समज कधी दिलीत?"

नॅपकिनला हात पुसत ते म्हणाले, "वाचलीस ना आत्ता?"